ममदापूरच्या पाणवठ्यावर

येवल्याहून पहिल्या एसटीनं निघालं
तरी उतरेपर्यंत ऊन गुडघ्याएवढं येतं.
पुढं सखाहरीची मोटारसायकल,
त्याच्या खाकी पाठीमागं मी,
गळ्यात जावयानं दिलेली दुर्बीण,
पिशवीत भाकरी, आणि तार मोजायची जुनी वही
जिच्यात आता पाखरं मोजतो.

माळ असा की सावलीलाही
उभं राहायला जागा नाही.
एखादा काटकुळा हिवर, बाकी कुसळं,
आणि लांबवर काळवीट,
ज्यांच्यासाठी नाशिकचे फोटोवाले येतात
आणि घाम पुसत विचारतात,
‘इथं पक्षी वगैरे काहीच नाही का हो?’

सखाहरी हसत नाही. बोट दाखवतो.
‘ते ढेकूळ बघा.’
बघतो. ढेकूळच.
‘अजून बघा.’
ढेकूळ धावत सुटतं, थांबतं,
मान उंच करतं, पुन्हा ढेकूळ होतं.
मी लिहितो : धाविक, एक.

बेचाळीस वर्षं मी मोर विणले.
खड्ड्यात पाय सोडून. काठाला मुनिया,
बांगडीत चार मोर, प्रत्येकाचा निळा वेगळा,
चोचीला लाल टिपका, त्याची तिल्ली वेगळी.
किती लग्नांत नाचले असतील ते,
मला न बोलावलेल्या.
खरा मोर पाहिला
मोतीबिंदू काढल्यावर, राजापूरच्या ओढ्यात,
आणि खरं सांगतो, जरा चुकलेला वाटला.
मान जास्तच लांब.

चैत्र. नऊ वाजलेत.
वनखात्यानं बांधलेली सिमेंटची बशी,
टँकर परवा येऊन गेलाय.
टँकरच्या पाळ्या सखाहरीला तोंडपाठ :
आधी वस्तीचा, मग हरणांचा.
दगडी बांधाआड आम्ही दोघं.
‘खोकू नका,’ तो म्हणतो,
आणि स्वतःच खोकतो.

आधी आवाज : कुटरो, कुटरो,
जसा दोन घरं सोडून कुणाचा माग चाललाय.
मग सात पाखरं, टोकदार शेपटीची,
बशीपासून बरीच लांब उतरली
आणि पायी आली, लग्नघरात गरीब पाहुणे येतात तशी.
पखुर्डी.
अंगावर मातीचे सगळे रंग :
वाळलं गवत, जुनं शेण,
गेल्या सालची राख, विटेचा चुरा.
असल्या पदराला गिऱ्हाईकानं हात लावला नसता.
मी मात्र रेघ खांद्यावर कुठं वळते
तेच बघत राहिलो.

सहा पिऊन उडाली.
सातवा, नर, पाण्यातच बसला.
पोट बुडवलं, पिसं फुगवली,
डुलला, थांबला, पुन्हा डुलला,
एक डोळा सारखा आभाळातल्या ससाण्यावर.
‘प्याला की. आता का बसलाय?’
‘पिल्लांसाठी भरतोय,’ सखाहरी पुटपुटला,
‘पोटाच्या पिसांत. नेऊन नुसता उभा राहतो,
पोरं खाली शिरून चोखत्यात.’
बऱ्याच वेळानं म्हणाला,
‘आपल्याकडं हंडा तरी असतोय.’

उडताना दोन थेंब गळाले.
मी उठून जाईपर्यंत माती कोरडी.
बशीच्या काठाला एक पीस चिकटलेलं.
सखाहरीनं दुसरीकडं बघितलं.

घरी शेवंतानं ते वाटीत बुडवलं.
‘अहो, हे तर पितंय.’
मोराचं नाही पीत. त्यावरून पाणी घसरतं,
जरीवरून घसरतं तसं.

रात्री भिंग घेऊन बसलो.
तंतूला तंतू फुटलेले,
वाळता वाळता स्वतःभोवतीच
गुंडाळी घेणारे.
ना ताणा, ना बाणा, ना गाठ मारल्याची खूण.
दोनशे अकरापर्यंत मोजले
आणि लाईट गेली.

सकाळी पुन्हा एकपासून.